अर्भकांचे आचके आणि दोन इलाज

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत, जेथे खानदेशातून मागावरच्या मजुरीसाठी आलेली मराठी कुटुंबे नांदत आहेत, तेथे सहा महिन्यांचे मूल झोपेतून जागे होताच एकाएकी मान खाली घालते, दोन्ही हात वर फेकते, पाय पोटाशी घेते, क्षणात सैल पडते, आणि हेच दहावीस वेळा होऊन अखेर रडू लागते, तेव्हा 'दचकतंय', 'पोटात कळ येतेय' असे म्हणून आजी घुटी उगाळावयास बसते. तिला दोष देता येत नाही. आकडी म्हणजे अंगाची थरथर आणि तोंडाला फेस हीच लोकांची समजूत, आणि हे आचके हाही अपस्मारच असला, तरी तो तसा दिसतच नाही.

1841 साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टराने आपल्याच मुलाच्या या व्याधीची कैफियत 'लॅन्सेट'मध्ये छापविली. परंतु परिणामकारक इलाज सापडण्यास 1958 साल उजाडले. तो इलाज म्हणजे ए.सी.टी.एच.; मस्तकातील पीयूषिका ग्रंथीचे हे संप्रेरक मूत्रपिंडांवरील ग्रंथींना स्टिरॉइड निर्माण करण्याची आज्ञा देते. ते सुईनेच द्यावे लागते. दुसरा इलाज, प्रेडनिसोलोनची गोळी, म्हणजे तयार स्टिरॉइडच. ती स्वस्त आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी.

दोहोंचा निवाडा प्रथम सुईच्या बाजूने लागला. 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात मोठ्या मात्रेच्या ए.सी.टी.एच.ने 15 पैकी 13 अर्भके सुधारली, प्रेडनिसोन या तशाच गोळीने 14 पैकी केवळ 4. पण गोळीची मात्रा तेथे वजनाच्या किलोमागे दररोज अवघी 2 मिलिग्रॅम होती, आणि माझ्या मते सारी मेख येथेच आहे. ब्रिटनमधील 2004 च्या परीक्षणात दररोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिले, तेव्हा 30 पैकी 21 मुलांचे आचके थांबले, ए.सी.टी.एच.च्या कृत्रिम रूपाने 25 पैकी 19 मुलांचे. दिल्लीतही 2014 साली किलोमागे 4 मिलिग्रॅमने सुमारे निम्मी मुले, तर 2 मिलिग्रॅमने केवळ पाव मुले आचक्यांतून मुक्त झाली. श्रीलंकेत तर पुढे गोळीच सरस ठरली. तेव्हा पुरेशा मात्रेतली गोळी हा गरिबाच्या नशिबी आलेला दुय्यम इलाज होय, असे मानण्यास आता फारसा आधार उरलेला नाही. मेंदूत गाठी उत्पन्न करणारा ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जन्मजात विकार असेल, तर मात्र विगाबॅट्रिन हे निराळेच औषध प्रथम देतात.

सुई असो वा गोळी, रक्तदाब वाढतो, मूल चिडचिडे होते, भूक आणि वजन बळावते, जंतुसंसर्ग सहज जडतो. म्हणून आरंभापूर्वी क्षयाचीही तपासणी करतात. दोन आठवड्यांनी ई.ई.जी., म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, पुन्हा काढावा लागतो, कारण आचके दिसेनासे झाले तरी मेंदूतील अव्यवस्थित लहरी कायम राहू शकतात. पुढे मात्रा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवितात. ती एकदम बंद केल्यास शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी, ज्या एव्हाना सुस्तावलेल्या असतात, वेळेवर जाग्या होत नाहीत आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो. नेमक्या याच मुदतीत लग्नसराईसाठी नंदुरबार-अमळनेरकडे निघण्याचा बेत पुष्कळ घरांत ठरतो, म्हणून कोणत्या तारखेस किती गोळ्या, याचा डॉक्टरांनी लिहिलेला कागद आणि गोळ्यांचा पुरता साठा या दोन्ही गोष्टी सामानात गेल्या पाहिजेत. गावाकडच्या डॉक्टरास तो कागद पहिल्याच दिवशी दाखवावा.