अंगाला साबण, केसांना शिकेकाई

बार्शी भागात ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे, त्या भगिनींचा हा अनुभव असेल: हौसेने घरी बनवलेला साबण डोक्याला लावला, तर फेस कमी आणि केस चिकट. दोष साबणाचा नाही, जड पाण्याचा आहे. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून मळी बनते आणि केसांवर बसते. रिठा-शिकेकाईतल्या सॅपोनिनची अशी मळी होत नाही.

म्हणून घरचा साबण अंगाला ठेवा. गुरुवारी रात्री चार रिठे बिया काढून, मूठभर शिकेकाईबरोबर भिजत घाला. सकाळी उकळून, कुस्करून गाळा. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं. जुम्म्याच्या गुस्लला घरातल्या सगळ्यांचे केस मोकळे, हलके होतील, इन्शाअल्लाह.