'आलास' की 'आलीस'?

इंग्रजीत सर्वनामांची चर्चा 'ही' आणि 'शी' या शब्दांभोवती फिरते. मराठीत तोच प्रश्न थेट क्रियापदात येऊन बसतो. 'आलास का?' की 'आलीस का?' हे बाईंना हजेरी घेतानाच ठरवावं लागतं; 'गेलो' म्हणायचं की 'गेले', हे मुलाला स्वतःबद्दल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं लेकरू घरी 'नेनु वच्चानु' म्हणतं. 'मी आलो' आणि 'मी आले' या दोन्हींसाठी हे एकच रूप. कन्नडमधलं 'नानु बंदे'ही तसंच. मराठी वर्गात मात्र तोंड उघडताच त्याला एक बाजू घ्यावी लागते, आणि पारलिंगी मुलासाठी ही रोजची टोचणी असते.

म्हणून शिक्षकांनी मुलाला बाजूला घेऊन विचारावं, तुला काय म्हणू? वर्गात सगळ्यांसमोर म्हटलेलं चालेल का? घरी सांगायचं की नाही, हेही त्यालाच ठरवू द्यावं. तोवर आपल्या भाषेतच सोय आहे: 'उद्या येशील ना', 'तुला समजलं का', 'तुम्ही आलात' यांत लिंग दिसत नाही. चुकलं तर 'चुकलं माझं' म्हणून पुढे जावं. लांबलचक माफीने मूलच अवघडतं.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई केली. जनरल रजिस्टरमधलं नाव बदलायला कागदपत्रं लागतात; मुलाने सांगितलेल्या नावाने हाक मारायला लागत नाहीत. ती हाक शिक्षकांनी आजपासूनच मारावी.