विज्ञानकथा : अनिर्बंध तंत्रप्रगतीची पूर्वसूचना

विज्ञानकथा म्हणजे अद्भुतरम्य मनोरंजन, असा समज मराठी वाचकवर्गात दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः तंत्रज्ञानाच्या परिणामांचा हिशेब ते प्रत्यक्षात येण्यापूर्वी मांडणे, हे या साहित्यप्रकाराचे महत्त्वाचे कार्य होय. प्रस्तुत लेखात या कार्याचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

उशिरा मांडलेला हिशेब

व्यवहारात हा हिशेब बहुधा मागाहून होतो. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७० साली कार्यान्वित झाला. १९८१ पर्यंत संचांची संख्या पाच झाली. या विजेचे मोल निर्विवाद आहे. मात्र भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते आणि कोळसा जाळल्यावर ती उरणार, हे उघड होते. तरीही औष्णिक केंद्रांतील राखेच्या वापराविषयी केंद्र शासनाची अधिसूचना निघाली ती सप्टेंबर १९९९ मध्ये, म्हणजे एकलहऱ्याच्या पहिल्या संचानंतर २९ वर्षांनी. अज्ञानापेक्षा प्रश्न वेळेवर न विचारणे हेच अशा विलंबाचे कारण असते.

कथेतील उलटा क्रम

विज्ञानकथा हा क्रम उलटा करते. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीतील संशोधक सजीव निर्माण करतो, परंतु त्याची जबाबदारी नाकारतो. अनर्थ तेथून सुरू होतो. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकाने जगाला ‘रोबो’ हा शब्द दिला. त्याचे मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दात आहे. त्या नाटकात वेठीला धरलेले यंत्रमानव अखेर मानवजातीवरच उलटतात.

मराठीत मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धेने या प्रकाराला बळ दिले. १९७४ साली टोपणनावाने या स्पर्धेत उतरलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी पुढे ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. तीत लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीच्या ज्ञानठेव्यावरून ‘वामन’ नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो. त्याला आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची आकांक्षा असते आणि तीतच मानवापुढील संकट दडलेले असते. नाव अर्थपूर्ण आहे : तीन पावले भूमी मागणारा पुराणातील वामनही प्रथम लहानच दिसला होता. वरदात्यावरच उलटलेल्या भस्मासुराची कथा ज्या समाजाला परिचित आहे, त्याला हा इशारा परका वाटू नये.

इशारा आणि विरोध

या इशाऱ्याला विज्ञानविरोध मानणे चुकीचे ठरेल. नारळीकर हे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक होते. त्यांचा इशारा विज्ञानाच्या आतून आलेला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, ही या साहित्यप्रकाराला मिळालेली उशिराची मान्यता होय. २०२५ साली त्यांचे निधन झाले. कृत्रिम बुद्धिमत्ता आज कार्यालयांत व वर्गांत पोहोचली असताना वामनाची कथा अधिक निकडीची ठरते.

समारोप

काय करता येईल, हे प्रयोगशाळा सांगते. केल्यानंतर काय उरेल आणि ते कोणाच्या वाट्याला येईल, हे विज्ञानकथा विचारते. म्हणून अशा कथांचे अध्यापन भाषा विभागापुरते मर्यादित न ठेवता विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकी शाखांतही होणे इष्ट आहे. उद्याचे संच आणि उद्याची यंत्रणा उभारण्याचे निर्णय त्याच वर्गांतील विद्यार्थी घेणार आहेत.