भाजीपाल्याचे छायाचित्र कसे घ्यावे?

दूरचा व्यापारी किंवा ग्राहक आता पुष्कळ वेळा मोबाईलवर आलेले छायाचित्र पाहून भाजीचा भाव ठरवितो. अशा व्यवहारात छायाचित्र हाच मालाचा नमुना होय. ते फिके आल्यास चांगल्या मालासही भाव मिळत नाही. ते फाजील भडक आल्यास माल पोहोचल्यावर नाकारला जातो व वाहतुकीचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो. यास्तव छायाचित्र आकर्षक असावे, परंतु त्याहूनही ते खरे असावे.

प्रकाश : पिवळ्या दिव्याखाली फुलकोबी आपणांस पांढरीच भासते, कारण डोळे त्या प्रकाशास सरावतात. कॅमेऱ्यास हे नेहमी साधत नाही व गड्डा पिवळसर उमटतो. हिरव्या शेडनेटखाली लाल टोमॅटो मळकट दिसतो. भर उन्हात वांग्याच्या तुकतुकीत सालीवर पांढरा ठिपका चमकतो व खालची बाजू काळी पडते. म्हणून भाजी ओसरीवर किंवा खिडकीजवळ अशी ठेवावी की, ऊन थेट न पडता उजेड एका बाजूने येईल. विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. त्यावरून परतलेल्या उजेडाने सावली सौम्य होते. फ्लॅश व घरातील दिवे बंद ठेवावेत.

मांडणी : खाली स्वच्छ गोणपाट किंवा करडे कापड अंथरावे, चकाकणारे प्लास्टिक वापरू नये. लाल टोमॅटोशेजारी हिरवी मिरची ठेवल्यास दोन्ही रंग उठून दिसतात. भेंडीशेजारी मिरची ठेवल्यास एकात एक मिसळतात. मोठी फळे मागे व लहान पुढे ठेवावीत. गाजरे, दुधी यांसारख्या लांब भाज्या किंचित तिरप्या ठेवाव्यात. वांग्याचा देठ समोर असावा, कारण ताजेपणा त्यावरून ओळखला जातो. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवावी. शिळी भाजी टवटवीत दिसावी म्हणून पाणी शिंपडू नये.

छायाचित्रण : कॅमेऱ्याचे भिंग मऊ कापडाने पुसावे. मोबाईल दोन्ही हातांनी स्थिर धरावा व पडद्यावर दिसणाऱ्या भाजीवर बोट टेकवावे, म्हणजे चित्र स्पष्ट येते. रंग खुलविणारी सोय वापरू नये. एक छायाचित्र मांडणीचे, दुसरे भरलेल्या क्रेटचे व मालावर डाग असल्यास तिसरे त्या डागाचे घ्यावे. नंतर मोबाईल मालाशेजारी धरून रंग ताडून पाहावा. तो जुळत नसल्यास जागा बदलून पुन्हा छायाचित्र घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक अवश्य करावे. एकच टोमॅटो उन्हात, दिव्याखाली व ओसरीवर ठेवून तीन छायाचित्रे घ्यावीत आणि ती शेतकरी बंधूंना एकाशेजारी एक दाखवावीत. यास कसलाही खर्च नाही, आणि प्रकाशाने मालाचे रूप किती पालटते, हे त्यांस तत्काळ पटेल.