विवरणपत्र तयार, पण सॉफ्टवेअरला कुलूप : ‘ॲक्टिव्हेशन’चा प्रश्न नेमका काय आहे?

अमेरिकेत वैयक्तिक प्राप्तिकराचे विवरणपत्र दाखल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे १५ एप्रिल रोजी संपते. ही तारीख जवळ येऊ लागली की लाखो करदाते विकत घेतलेले करविषयक सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसवतात आणि वर्षभराचे उत्पन्न, वजावटी व भरलेला कर यांचा हिशेब त्यात मांडतात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला मात्र निराळाच अनुभव येतो. पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर सांकेतिक क्रमांक स्वीकारत नाही. किंवा हिशेब पूर्ण करू देते, पण विवरणपत्र छापण्यास अथवा पाठवण्यास नकार देते. ‘ॲक्टिव्हेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परवाना-पडताळणीतून ही अडचण उद्भवते. तिचा इतिहास दोन दशकांहून अधिक जुना आहे.

पडताळणी कशी होते?

सॉफ्टवेअर विकत घेणारा ग्राहक कायद्याच्या भाषेत त्याचा मालक होत नाही. त्याला ते वापरण्याचा परवाना मिळतो. एकाच्या परवान्यावर अनेकांनी काम भागवू नये, यासाठी कंपन्या ॲक्टिव्हेशनचा अवलंब करतात. सॉफ्टवेअर संगणकाच्या सुट्या भागांवरून त्या यंत्राची एक ओळख तयार करते. ही ओळख आणि ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवला जातो. तो क्रमांक अन्य यंत्रावर वापरात नसल्याची खात्री झाली की सर्व्हर परवानगी देतो आणि तिची नोंद संगणकावर जतन केली जाते.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी या उत्पादनांत ही पद्धत आणली, तेव्हापासून ती सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या परिचयाची झाली. या साखळीतील प्रत्येक दुवा निखळू शकतो. हार्ड डिस्क बदलली तर यंत्राची ओळख बदलते. सुरक्षेसाठी बसवलेली फायरवॉल सर्व्हरशी होणारा संपर्क अडवते. विंडोज नव्याने बसवल्यास जतन केलेली परवानगी पुसली जाते. या सर्व प्रसंगी प्रामाणिक ग्राहक आणि फुकट वापर करणारा यांच्यातील फरक यंत्राला कळत नाही. ग्राहकालाच आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो.

२००३ चा वाद

करविषयक सॉफ्टवेअरच्या संदर्भात हा प्रश्न सर्वप्रथम ऐरणीवर आला तो २००३ च्या हंगामात. कॅलिफोर्नियातील इन्ट्युइट या कंपनीचे ‘टर्बोटॅक्स’ हे अमेरिकेतील या क्षेत्रातले आघाडीचे सॉफ्टवेअर. तोपर्यंत एक सीडी विकत घेऊन ती घरच्या आणि कार्यालयातल्या संगणकावर वापरणे, किंवा काम झाल्यावर ती भावाला अथवा शेजाऱ्याला देणे, हे सर्रास चालत असे. या प्रकाराला आळा घालण्यासाठी कंपनीने २००२ या करवर्षाच्या विंडोज आवृत्तीत मॅक्रोव्हिजन कंपनीचे ‘सेफकास्ट’ हे तंत्र समाविष्ट केले. ज्या संगणकावर प्रथम ॲक्टिव्हेशन होईल, त्याच संगणकावरून विवरणपत्र छापता वा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येईल, असा दंडक त्यामुळे लागू झाला. दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवता येत असे. परंतु तेथून छपाई करायची तर पुन्हा पैसे मोजणे भाग होते.

ग्राहकांचा रोष दोन कारणांनी होता. पहिले कारण गैरसोयीचे. घरच्या संगणकावर आकडे भरून छपाई कार्यालयातल्या प्रिंटरवर करणाऱ्यांची पंचाईत झाली. हंगामाच्या मध्यावर संगणक बिघडलेल्यांना पुन्हा परवानगी मिळवण्यासाठी दूरध्वनी करावे लागले.

दुसरे कारण विश्वासाशी निगडित होते. टर्बोटॅक्स बंद असतानाही सेफकास्टचा एक भाग संगणकाच्या पार्श्वभूमीवर चालू राहतो आणि हार्ड डिस्कच्या आरंभीच्या, एरवी राखीव समजल्या जाणाऱ्या भागात आपली नोंद करतो, असे संगणकतज्ज्ञांच्या निदर्शनास आले. टर्बोटॅक्स काढून टाकले तरी हा भाग मागे उरत असे. ज्या यंत्रात कुटुंबाच्या मिळकतीचा सारा तपशील साठवलेला आहे, त्यात आपल्याला न विचारता काय बसवले गेले, असा प्रश्न ग्राहक विचारू लागले. या तंत्राद्वारे कोणतीही खासगी माहिती गोळा केली जात नाही, असा खुलासा कंपनीने केला आणि तो भाग काढून टाकण्याचे साधनही उपलब्ध करून दिले. तरीही असंतोष शमला नाही. कंपनीविरुद्ध ग्राहकांच्या वतीने न्यायालयात दावे दाखल झाले. एच अँड आर ब्लॉक या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या ‘टॅक्सकट’मध्ये ॲक्टिव्हेशनची अट नसल्याचा प्रचार केला.

अखेर मे २००३ मध्ये इन्ट्युइटने ग्राहकांची क्षमा मागून पुढील हंगामापासून ही पद्धत मागे घेत असल्याचे जाहीर केले. नकली प्रतींना आळा घालण्याच्या प्रयत्नात पैसे देणारा ग्राहकच दुखावला गेला, तर होणारा तोटा वाचलेल्या रकमेहून मोठा ठरू शकतो, हा धडा त्या प्रकरणाने सॉफ्टवेअर उद्योगाला दिला. पुढे २००५ मध्ये सोनी बीएमजी कंपनीच्या संगीत-सीडींमधून संगणकात गुपचूप शिरणाऱ्या प्रतिबंधक सॉफ्टवेअरचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा याच धड्याची पुनरावृत्ती झाली आणि त्या सीडी कंपनीला बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

कुलूप नव्या रूपात

त्यानंतर इंटरनेट घरोघरी पोहोचले आणि ॲक्टिव्हेशन निराळ्या वाटेने परतले. आता डेस्कटॉपवरील करसॉफ्टवेअर सुरू करण्यासाठी बहुधा कंपनीकडे खाते उघडावे लागते आणि खोक्यासोबत किंवा ई-मेलने मिळालेला क्रमांक त्या खात्याशी जोडावा लागतो. त्यामुळे एक परवाना एकाहून अधिक संगणकांवर वापरण्याची मुभा देणे कंपन्यांना शक्य झाले. मात्र अडचणींची यादीही वाढली. खात्याचा पासवर्ड विस्मरणात जाणे, पडताळणीचा क्रमांक बंद पडलेल्या मोबाइलवर येणे किंवा दुकानदाराने विक्रीची नोंद न केल्यामुळे खोक्यातील क्रमांक अमान्य ठरणे, यांपैकी काहीही घडले तरी काम अडते.

संगणकाचे वय हीदेखील आता एक अट झाली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यापाठोपाठ, २०२५ या करवर्षाच्या टर्बोटॅक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी विंडोजच्या संगणकांवर विंडोज ११ आवश्यक करण्यात आले. परिणामी, वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला संगणक केवळ या कामासाठी निरुपयोगी ठरला, अशी भावना अनेक करदात्यांत निर्माण झाली.

मुदत कोणासाठी थांबते?

खेळाचे किंवा चित्रे रंगवण्याचे सॉफ्टवेअर दोन दिवस बंद राहिले तर मनःस्ताप होतो. करसॉफ्टवेअर बंद राहिले तर कायद्याने घातलेली मुदत चुकू शकते. अमेरिकेत विवरणपत्रास उशीर झाल्यास थकीत करावर दरमहा ५ टक्के आणि कमाल २५ टक्के दंड आकारला जातो. सॉफ्टवेअर वेळेवर सुरू झाले नाही, तरी विवरणपत्र पोहोचवण्याची जबाबदारी करदात्याचीच राहते. नागरिक आणि त्याचे कायदेशीर कर्तव्य यांच्यामध्ये एका खासगी कंपनीच्या सर्व्हरचा होकार येऊन बसतो. नकाराची किंमत मात्र नागरिक मोजतो.

भारतात चित्र काहीसे वेगळे आहे. प्राप्तिकर विभाग विवरणपत्र भरण्याची सोय आपल्या ई-फायलिंग संकेतस्थळावर देतो आणि संगणकावर उतरवून वापरण्याजोगी साधनेही विनामूल्य पुरवतो. त्यांना खरेदीच्या परवान्याचा क्रमांक लागत नाही. सनदी लेखापाल आणि करसल्लागार मात्र अनेकदा खासगी सॉफ्टवेअर वापरतात. तेथे परवाना विशिष्ट संगणकाशी बांधलेला असण्याचा अनुभव त्यांना नवा नाही.

सरकारी यंत्रणाही निर्दोष नसते. ७ जून २०२१ रोजी सुरू झालेल्या नव्या ई-फायलिंग संकेतस्थळात इतके दोष आढळले, की ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने ते उभारणाऱ्या इन्फोसिस कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाचारण केले. त्या वर्षी वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्याने ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. येथेच महत्त्वाचा भेद दिसून येतो. सर्वांचे सामाईक दार अडले तर सरकार मुदत वाढवू शकते. एकट्या ग्राहकाचे कुलूप अडकले तर दिनदर्शिका त्याच्यासाठी थांबत नाही.

जुन्या विवरणपत्रांचा प्रश्न

या अडचणीची दुसरी बाजू सहसा उशिरा ध्यानात येते. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेली फाइल साधारणपणे त्याच वर्षाच्या आवृत्तीत उघडते. अमेरिकी कर प्रशासन सामान्य परिस्थितीत तीन वर्षे, तर काही प्रकरणांत सहा किंवा सात वर्षे कागदपत्रे सांभाळण्यास सांगते. कंपन्या मात्र जुन्या आवृत्त्यांना मर्यादित काळच पाठबळ देतात. नव्या संगणकावर जुनी आवृत्ती बसवली आणि तिला परवानगी देणारा सर्व्हर बंद झालेला असला, तर करदात्याची स्वतःची माहिती त्याच्याच घरात असूनही वाचता येत नाही.

कोणती काळजी घ्यावी?

सॉफ्टवेअर मुदतीच्या आठवड्यात न घेता काही आठवडे आधी बसवून त्याचे ॲक्टिव्हेशन पूर्ण करावे. परवान्याचा क्रमांक, खरेदीची पावती आणि खात्याचा ई-मेल पत्ता एकत्र लिहून ठेवावा. संगणक किंवा डिस्क बदलण्यापूर्वी परवाना नव्या यंत्रावर कसा नेता येईल, याची चौकशी करावी. विवरणपत्र पूर्ण होताच त्याची पीडीएफ प्रत आणि एक छापील प्रत जतन करावी. ती उघडण्यास कोणाच्याही परवानगीची गरज लागत नाही.

अमेरिकेतील करदात्यांना ‘फॉर्म ४८६८’ दाखल करून विवरणपत्रासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घेता येते. ही सवलत विवरणपत्रापुरतीच असते. कराची रक्कम एप्रिलमध्येच भरावी लागते. शिवाय सरकारी नमुने विनामूल्य मिळतात आणि ते कागदावर भरून टपालाने पाठवण्याचा मार्ग आजही खुला आहे. सॉफ्टवेअरचे कुलूप अखेरच्या दिवशीही उघडले नाही, तर हा मार्ग करदात्याच्या उपयोगी पडू शकतो.