जनसुनावणी कुणाच्या दारात?

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीसाठीची जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ घ्यायची असते. किमान ३० दिवस आधी सूचना द्यायची, सुनावणीच्या शेवटी मतं-हरकतींचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. खाण ज्या तालुक्यात आहे त्या एटापल्लीच्या माडिया आदिवासी शेतकऱ्याला तिथवर यायला शंभरावर किलोमीटर प्रवास करावा लागतो. हा अन्यायच आहे.

गावाचा निर्णय गावातच होऊ शकतो, हेही त्याच जिल्ह्यात दिसतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभाच देते. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुन्हा होते.