एंजिनाच्या नव्या भागांची तपासणी

मोटारगाडीच्या एंजिनात बसवावयाच्या नव्या भागांत ओतकाम, घडाई, यंत्रण, उष्णता संस्करण इ. प्रक्रियांमुळे काही दोष राहिले आहेत काय, हे जुळणीपूर्वी पाहण्यासाठी ही तपासणी करतात. भाग नवा आहे याचा अर्थ तो झिजलेला नाही एवढाच होतो. तो निर्दोष आहे असा होत नाही. दोष मापांत असतो किंवा धातूत असतो. पहिला मोजून कळतो, तर दुसरा सर्व मापे अचूक असलेल्या भागातही दडलेला असू शकतो.

भागांची मापे एकसारखी ठेवण्याला मोटार उद्योगात किती महत्त्व आहे, हे १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले. त्यांपैकी ८९ भाग काढून त्यांच्या जागी कोठारातील नवे भाग ठेवले आणि त्यांतून पुन्हा तीन गाड्या जुळविल्या. कानस न लावता जुळलेल्या या गाड्या सु. ८०० किमी. धावल्या. कॅडिलॅक कारखान्याचे प्रमुख हेन्री लीलंड मोजमापाच्या काटेकोरपणाबद्दल ख्यातनाम होते. मात्र या चाचणीने सिद्ध झाली ती मापांची एकरूपता. धातूच्या अंतरंगाविषयी ती काही सांगत नव्हती.

मापांची तपासणी : सूक्ष्ममापकाने भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) जर्नलांचा व्यास निरनिराळ्या दिशांनी मोजल्यास त्यांचा निमुळतेपणा व लंबगोलपणा कळतो. ५० मिमी. व्यासाचा जर्नल व त्याचा धारवा यांत साधारणपणे ०·०५ मिमी. मोकळीक असते. ती फार कमी असल्यास तेलाचा पापुद्रा टिकत नाही, फार जास्त असल्यास तेलाचा दाब उतरतो. इतक्या सूक्ष्म मापांत तापमानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मापनाचे प्रमाण तापमान २०° से. मानलेले आहे. १०० मिमी. लांबीचा पोलादी भाग १०° से. ने तापल्यास सु. ०·०११ मिमी. वाढतो आणि ॲल्युमिनियमाचा दट्ट्या जवळजवळ त्याच्या दुप्पट. उन्हात ठेवलेल्या किंवा बराच वेळ हातात धरलेल्या भागाचे माप म्हणूनच भरवशाचे नसते.

दट्ट्यावरील कडी सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजच्या पात्यांनी मोजतात. ८० मिमी. व्यासाच्या सिलिंडरात ही फट साधारणपणे ०·३ मिमी.च्या आसपास असते. ती अपुरी असली, तर तापलेल्या कडीची टोके एकमेकांना भिडतात आणि कडी मोडते किंवा सिलिंडरावर ओरखडे पाडते.

अंतर्गत दोष : चार धावांच्या एंजिनात भुजादंड मिनिटाला ३,००० फेरे करीत असल्यास प्रत्येक सिलिंडरातील ज्वलनाचा आघात त्यावर तासाला ९०,००० वेळा होतो. अशा पुनरावृत्त भारामुळे केसाएवढी भेगही हळूहळू वाढते आणि अखेरीस दंड शिणवट्याने तुटतो. जर्नल व भुजा यांच्या सांध्यावरील वक्र कोपरा या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. घडाईत धातूची दुमडलेली घडी, शमनाच्या वेळी पडलेली भेग किंवा शाणन करताना पृष्ठभाग जळून निर्माण झालेल्या बारीक भेगा नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाहीत.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विल्यम होक यांना चुंबकीय पकडीत धरलेल्या पोलादी भागांचे शाणन करताना लोखंडाचा कीस भेगांच्या रेषेवर जमलेला आढळला. चुंबकीय कण परीक्षणाची पद्धत यातूनच पुढे आली. भाग चुंबकित करून त्यावर लोहकण असलेला द्रव सोडतात. भेगेपाशी चुंबकीय रेषा बाहेर पडत असल्याने कण तेथे चिकटतात. क्षेत्राला समांतर असलेली भेग मात्र सुटून जाते. त्यामुळे भाग दोन दिशांनी चुंबकित करावा लागतो आणि शेवटी तो निश्चुंबकितही करावा लागतो, अन्यथा झिजेचा कीस त्याला चिकटून राहतो. ॲल्युमिनियमाच्या भागांना ही पद्धत लागू पडत नाही. त्यांच्यावर रंगद्रव्य लावून पुसतात. भेगेत शिरलेला रंग पांढऱ्या भुकटीवर पुन्हा उमटतो. ओतकामातील खोलवरच्या पोकळ्यांसाठी क्ष-किरण किंवा श्राव्यातीत तरंग वापरतात. मडके घेताना ते वाजवून पाहतात, तसा भाग टांगून ठोकून पाहण्याची जुनी रीतही अगदीच टाकाऊ नाही; तडा गेलेला भाग बद्द वाजतो. मात्र बारीक भेग तिने कळेलच असे नाही.

कारखान्यात अनेक भागांची नमुना तपासणी होते, म्हणजे गटातील थोडेच नग प्रत्यक्ष पाहिले जातात. भुजादंड, संयोगदांडा यांसारखे भाग एकूणएक तपासणे इष्ट असते, कारण ते तुटल्यास बहुधा सर्व एंजिनच निकामी होते. दुरुस्तीच्या कार्यशाळेत चुंबकीय परीक्षणाची सोय नसली, तरी वेष्टनावरील भागक्रमांक पडताळणे, पृष्ठभाग भिंगाने पाहणे आणि मापे घेणे शक्य असते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त हयगय होते ती साफसफाईची. नव्या ठोकळ्याच्या पाणीमार्गात ओतकामाची वाळू आणि भुजादंडाच्या तेलमार्गात छिद्रणाचा कीस राहिलेला असू शकतो. तेलाबरोबर तो कीस धारव्यात गेला, तर काटेकोरपणे मोजून ठेवलेली मोकळीक पहिल्या काही मिनिटांतच बिघडते. म्हणून तेलमार्गांची बुचे काढून ते लांब ब्रशाने घासतात, विद्रावकाने धुतात व दाबाच्या हवेने कोरडे करतात आणि मगच जुळणीस आरंभ करतात.